आमचं नसलेलं वॉशिंग मशीन

सासूबाईंचा सुनेवर एकच राग होता: बाईला घाई म्हणून कशाची नव्हती. घराला आग लागली तरी ही आधी चपला शोधील, मग ओरडेल.

आता हेच बघा. शाळेच्या गणवेशांचं मोठं काम दारात उभं, सासूबाईंचं पायाने हाकायचं शिलाई मशीन थकलेलं, मोटरचं घ्यायला कर्ज हवं, आणि बँकेतली पोरगी म्हणते, "काकू, हप्ते फेडण्यात तुमचा स्कोअर फार खराब आहे." जन्मभर कुणाच्या मापात बोटभर चूक न केलेल्या बाईला खराब!

कारण मात्र सासूबाईंना ठाऊक होतं. हप्त्यावर घेतलेलं वॉशिंग मशीन चालू केलं की बाथरूमभर नाचायचं. दुकानदाराला धडा शिकवायचा म्हणून त्यांनी शेवटचे हप्ते भरलेच नव्हते. दुकानदाराचे पैसे फायनान्स कंपनीने पहिल्याच दिवशी चुकते केले होते आणि हप्ते कंपनीचे होते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे सुनेने सांगितलं होतं. पण सुनेचंच ऐकायचं तर सासू कशाला व्हायचं?

"आई, आपल्या कर्ज-हप्त्यांचा रिपोर्ट फुकट मिळतो. तो बघू, थकलेलं भरू, पावती घेऊ. मग सगळं वेळेवर भरत राहिलं की स्कोअर हळूहळू चढतो."

"हळूहळू म्हणजे?"

"काही महिने."

"तोवर पोरं काय उघडी जातील शाळेत?"

त्याच दुपारी मोबाइलवर 'आठ दिवसांत स्कोअर चकाचक' अशी जाहिरात दिसली. सासूबाईंनी फोन लावला. पलीकडचा माणूस साखरेत घोळलेला. स्वतःला स्कोअरचा डॉक्टर म्हणवत होता.

"पाच हजार आगाऊ, मावशी."

"दोन देईन."

"साडेतीन?"

"तीन. नाहीतर ठेवते फोन."

"तुमच्यापुढे कोण बोलणार!"

सासूबाईंना स्वतःचं कौतुक दिवसभर पुरलं. डॉक्टरने पथ्यं दोनच सांगितली: कंपनीशी बोलायचं नाही आणि घरात सांगायचं नाही. दुसरं त्या आधीपासूनच पाळत होत्या. मग थकबाकी नावावरून पुसून टाकायला त्याने मोबाइलवर त्यांच्या नावाने कंपनीविरुद्ध तक्रार लिहिली, 'असं मशीन मी कधी घेतलेलंच नाही,' आणि सासूबाईंनी न वाचता बटण दाबलं. अक्षरं फार बारीक होती, असं त्या सांगतात. चष्मा डोक्यावर होता, हे सांगत नाहीत.

पुढच्या आठवड्यात कंपनीचा माणूस चौकशीला आला.

"मावशी, तुम्ही मशीन घेतलंच नाही म्हणता?"

"मशीन? आमच्याकडे कसलं मशीन?"

नेमकं आत मशीनने कपडे पिळायला घेतले. भिंती थरथरल्या.

"हा आवाज कसला?"

"शेजारी बांधकाम चाललंय."

बांधकाम बाथरूमच्या दारातून बाहेर आलं. नळी फरफटत, फेस सांडत ते थेट पाहुण्याच्या बुटांपाशी येऊन थांबलं.

"बरंच पुढे आलंय बांधकाम," तो म्हणाला. "मावशी, ही खोटी तक्रार तुमच्याच गळ्याशी येईल."

सासूबाईंनी डॉक्टरला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंदच. मागे सून फडकं घेऊन उभी होती.

"आई, या डॉक्टरला किती दिले?"

"दिले कसले? दोन हजार वाचवले!"

सून हसली नाही, हेच जास्त लागलं. तिने पाहुण्याला कोरड्या जागी बसवलं, तक्रार मागे घ्यायला लावली, आणि थकलेले हप्ते भरून 'काही येणं नाही' असं कंपनीकडून लेखी मागून घेतलं. डॉक्टरची पोलिसांत तक्रारही तिनेच केली. शाळेत जाऊन अर्धं काम हातात राखलं आणि तेवढ्यापुरतं मोटरचं मशीन भाड्याने आणलं. उरलेलं अर्धं काम गेलं ते गेलंच. हे सगळं तिने तिच्या त्या गोगलगायीच्या चालीने केलं, आणि सासूबाई दात आवळून मागोमाग चालल्या.

काही महिन्यांनी बँकेतली पोरगी म्हणाली, "काकू, कर्ज मंजूर!"

बाहेर पायरीवर सासूबाई थांबल्या. सून कागद सावकाश घडी घालत होती. चारही कोपरे जुळेपर्यंत काही निघणार नव्हती.

"मंद आहेस बाई तू," सासूबाई म्हणाल्या, "आणि ते मी मागे घेणार नाही. पण घरात एक तरी मंद हवी. दोघी माझ्यासारख्या हुशार असतो, तर कधीच रस्त्यावर आलो असतो."