गाठोड्याचा प्रवासविमा

हैदराबादेतल्या काचीगुड्याच्या नामदेवरावांनी प्रवासाचा विमा उतरवला, तो त्यांना प्रवास करायचा होता म्हणून नव्हे. प्रवास भामाबाईंना करायचा होता. नामदेवरावांना विमा उतरवायचा होता. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी स्वतःचा, स्कूटरचा, फ्रीजचा आणि एकदा तर बारशाला भाड्याने आणलेल्या खुर्च्यांचाही विमा उतरवला होता. पण आपत्ती म्हणून ती घराकडे फिरकत नव्हती. भामाबाईंचं म्हणणं असं, की एवढे कागद वाचायचे म्हटल्यावर आपत्तीसुद्धा परस्पर दुसऱ्या गल्लीत जाते.

भामाबाईंना समुद्र बघायचा होता. माहेर बिदरकडचं, सासर काचीगुड्याचं. आयुष्यात पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे हुसेनसागर. "त्याचा पलीकडचा काठ दिसतो हो," त्या म्हणायच्या. "पलीकडे काहीच दिसत नाही असं पाणी मला एकदा दाखवा." नामदेवराव दरवर्षी म्हणायचे, "पुढल्या वर्षी नक्की." त्यांचा शब्द पक्का होता. त्यांनी तो एकाही वर्षी बदलला नाही.

ज्या वर्षी राज्याचे दोन तुकडे व्हायचे ठरले, त्या उन्हाळ्यात मात्र चमत्कार झाला. दिलसुखनगरला एका कोचिंग क्लासच्या जिन्याखाली 'निश्चिंत यात्रा विमा कंपनी'ची शाखा होती. तिने 'आपलं राज्य, आपला प्रवास' ही योजना काढली. राज्यातल्या राज्यात कुठेही जा. वादळ, पूर, भूकंप यांपैकी कशानेही प्रवास मोडला, तर कंपनी तुम्हाला सपत्नीक, मोटारीने, हार घालून मुक्कामाला नेऊन पोचवील. 'हार घालून' या शब्दांशी नामदेवराव विरघळले आणि विशाखापट्टणची तिकिटं काढून घरी आले.

भामाबाईंनी पंचांग उघडलं. गाडीचा दिवस नेमका अमावास्येचा. "मोडतो की नाही बघा प्रवास," त्या म्हणाल्या. नामदेवरावांचे डोळे लकाकले.

अशा वेळी आपल्याकडे जी सोय असते ती भामाबाईंनी केली. आधीचा एक चांगला दिवस पाहून प्रस्थान ठेवलं. सुपारी, हळकुंड, चिमूटभर अक्षता, एक लुगडं आणि नामदेवरावांचं उपरणं, असं गाठोडं बांधून शेजारच्या सुशीलाबाईंच्या कोनाड्यात नेऊन ठेवलं. गाठोडं चांगल्या दिवशी घराबाहेर पडलं, की माणूसच निघाला असं धरतात. पुढे गाडीच्या दिवशी ते उचलायचं आणि चालू लागायचं.

मधल्या काळात राज्याचे रीतसर दोन तुकडे झाले. फटाके वाजले, मिठाई वाटली गेली. काचीगुडा होतं तिथेच राहिलं. समुद्र मात्र शेजारच्या राज्यात गेला.

गाडीच्या दिवशी रिक्षा दारात उभी असताना नामदेवराव पॉलिसी घेतली की नाही हे बघायला तीनदा घरात पळाले, आणि त्या धांदलीत कोण काय उचलतंय याकडे कुणाचंच लक्ष राहिलं नाही. विशाखापट्टणच्या अलीकडे, तुनी स्टेशनात वादळाने गाडी अडवली. रुळांवर पाणी, आभाळ काळं, विजेचे खांब आडवे. फलाटावर इडल्या खात दिवस काढल्यावर गाडी उलटी फिरली. भामाबाईंनी खिडकीला डोकं टेकलं. समुद्राचा वारा तेवढा येत होता.

"अगं, झाली आपत्ती!" नामदेवराव कानाशी कुजबुजले. "नैसर्गिक झाली! आता मोटार!"

दिलसुखनगरच्या शाखेचे प्रमुख हिम्मतराव हे मूळचे नांदेडकडचे, आता कुकटपल्लीत फ्लॅट. माणूस गोड. फक्त, प्रत्येक वाक्य बोलण्याआधी मुख्य कार्यालयाला फोन लावून विचारायची त्यांना सवय होती.

"बैठो काका, चाय घ्या," ते म्हणाले, आणि तेवढं फोन न करता म्हणाले. मग कागद चाळून त्यांचा चेहरा पडला. "काका, लफडा आहे. योजना राज्यातल्या राज्यात. तुम्ही तर परराज्यात गेलात."

"मी कुठे गेलो? राज्य गेलं!"

"हौ, पण राज्य हललं हे तुम्ही कंपनीला कळवायला पाहिजे होतं ना. पत्ता बदलला की ग्राहकच कळवतो."

"माझा पत्ता तोच आहे!"

"मग कळवायचं, की पत्ता तोच आहे, राज्य बदललं."

नामदेवरावांनी सरकारी नोकरी उगीच केली नव्हती. ते खुर्चीत पुढे सरकले. "हिम्मतराव, हैदराबाद दोन्ही राज्यांची राजधानी आहे ना? मग मी दोन्हीकडचा. म्हणजे प्रवास राज्यातल्या राज्यातच."

हिम्मतराव आतल्या खोलीत जाऊन फोनवर बराच वेळ बोलले आणि हसत बाहेर आले. "मुबारक हो काका. मुद्दा मान्य. हैदराबादेतला माणूस एकाच वेळी दोन्ही राज्यांत असतो. म्हणजे समुद्राच्या राज्यात तुम्ही घरबसल्या पोचलेलेच आहात. आता पोचलेल्या माणसाचा प्रवास मोडेल कसा?"

"अन् समुद्र?" भामाबाईंनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"तो पोटविषय आहे, काकू."

"पोटातच राहिलाय तो माझ्या. हे बघा हिम्मतराव, आम्ही निघालो तेव्हा राज्य एकच होतं. मी प्रस्थान ठेवलं होतं, तुकडे व्हायच्या आधी. विचारा सुशीलाबाईंना."

हिम्मतरावांचा हात फोनवरच थांबला. त्यांची आजी नांदेडहून कुठेही निघायची तर आठवडाभर आधी तिचं गाठोडं शेजारच्यांकडे जाऊन बसायचं. "काकू, लाख की बात! प्रस्थान म्हणजे निघणंच. वाद नाही." त्यांनी फोन केला आणि मुख्य कार्यालयालाही ते पटलं. पटलं म्हणूनच घोटाळा झाला, नाहीतर त्यांनी पाहणी अधिकारी कशाला पाठवला असता?

पाहणी अधिकारी भगवंतराव टेप घेऊन सुशीलाबाईंच्या घरी हजर झाले. मागोमाग हिम्मतराव, नामदेवराव, भामाबाई. सुशीलाबाईंनी कोनाड्यातला मेथीचा डबा बाजूला सारला, आणि मागे गाठोडं दिसलं. जसं ठेवलं तसं.

"हे इथंच?" भगवंतराव म्हणाले.

"अगोबाई," भामाबाई म्हणाल्या. "अहो, तुम्ही नाही उचललंत?"

"मी पॉलिसी उचलली," नामदेवराव म्हणाले.

भगवंतरावांनी भिंतीपासून कोनाड्यापर्यंत टेप लावली आणि तिथेच उभ्या उभ्या निकाल दिला. "विमाधारक राज्य एक असताना निघाले, हे सिद्ध झालं. निघाले ते गाठोड्याच्या रूपाने. गाठोड्याने स्वतःचं घर सोडलं, शेजारचं घर गाठलं आणि तिथे खोळंबलं. हाच तो खंडित प्रवास. तुनीला जे दोन इसम गेले, ते प्रवासात होते याला काही पुरावा नाही. ते नुसते गाडीत होते."

"आणि वादळ?" नामदेवरावांचा आवाज चिरकला.

"वादळ कंपनीला पूर्ण मान्य आहे. त्याबद्दल कंपनी दिलगीर आहे."

"म्हणजे दावा नामंजूर?"

"नामंजूर?" भगवंतराव दुखावले. "आम्ही ग्राहकाला देव मानतो. दावा मंजूर! गाठोडं जिथवर पोचलं, तिथवर तुम्हाला सपत्नीक, मोटारीने नेऊन पोचवू. हार घालून."

त्याप्रमाणे मोटार आली. झेंडूचे हार आले, फोटोवाला आला. सुशीलाबाईंचं दार नामदेवरावांच्या दाराला लागूनच होतं. पण मेट्रोच्या खांबांसाठी रस्ता खणलेला, त्यात गल्ली एकेरी, म्हणून मोटार दिलसुखनगरला वळसा घालून भर दुपारी परत काचीगुड्यात आली. नामदेवराव हार सावरत उतरले. साऱ्या गल्लीने टाळ्या वाजवल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा कुठलातरी विमा फळला होता, त्यामुळे कुठे उतरलो याकडे त्यांनी फार लक्ष दिलं नाही.

"या, या," सुशीलाबाई पदराला हात पुसत म्हणाल्या. "प्रवास कसा झाला?"

"सुखाचा," नामदेवराव म्हणाले आणि 'समाधानी' या शब्दापुढे सही केली. हिम्मतरावांनी जाता जाता बजावलं, "काका, परतीची मोटार येईपर्यंत मुक्काम सोडायचा नक्को. नाहीतर दावा बाद होतो."

भामाबाईंनी हार काढून खुंटीला अडकवला, कोनाड्यातलं गाठोडं काखेत मारलं आणि चपला घातल्या.

"कुठे निघालीस?"

"अहो, तुम्ही पोचलात. मी अजून निघायचीच आहे."

"पण विमा? आज दिवस कसला आहे ते तरी पाहिलंस?"

"चांगल्या दिवशीच निघालंय की हे." त्यांनी गाठोडं थोपटलं. "सुशीलाबाई, तुम्ही पाहिलाय का हो समुद्र?"

"मी? मला कोण दाखवतंय?" म्हणत सुशीलाबाईंनी गॅस बंद केला. नामदेवरावांना म्हणाल्या, "भाऊजी, कुकरमध्ये वरण आहे. आमच्या ह्यांनाही वाढा." आणि कसलंही विमासंरक्षण नसलेल्या त्या दोघी बायका चालत स्टेशनाकडे निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी फोन आला. मागे धाड धाड असा आवाज. "अहो!" भामाबाई ओरडत होत्या. "पलीकडे खरंच काही दिसत नाही! काहीच नाही!"

"वादळबिदळ?" नामदेवरावांनी आशेने विचारलं.

"छे हो, छान ऊन पडलंय!"

नामदेवराव हिरमुसले. ऊन योजनेत बसत नव्हतं.

हार घातलेला त्यांचा फोटो दिलसुखनगरच्या शाखेत अजून लावलेला आहे. खाली 'सुखरूप पोचलेले ग्राहक' असं लिहिलंय आणि तो पाहून लोक पॉलिसीसाठी रांग लावतात. परतीची मोटार निघाली आहे, असं कंपनी कळवते. नामदेवराव शेजाऱ्याला वरण वाढून मुक्काम सांभाळून आहेत.

तुम्ही हसताय. हसा. पण 'पुढल्या वर्षी नक्की' म्हणून तुम्हीही एक गाठोडं बांधलं होतं, ते कुणाच्या कोनाड्यात आहे? जाऊन बघा एकदा. पुढे मेथीचा डबा असेल, तो जरा बाजूला सारा.