हेमांगीच्या कन्सोलचा ठसका

बिघडलेली वस्तू उघडायला मी कधीच घाबरत नाही. आमच्या कळसाडीत हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि म्हणूनच बहुतेक जण आपल्या बिघडलेल्या वस्तू माझ्यापासून लपवून ठेवतात. माणसं कृतघ्न असतात, दुसरं काय! नोकरी म्हणाल तर मी गावच्या सोसायटीत सचिव आहे. पण पिंड कारागिराचा. मिक्सर असो, इस्त्री असो, फवारणीचा पंप असो, हातात पेचकस आला की मी कोणालाही परकं मानत नाही.

त्यामुळे माझ्या मुलीच्या, हेमांगीच्या, कन्सोलने दगा दिला तेव्हा मी भर जेवणात जाहीर करून टाकलं, "रविवारपर्यंत नवाकोरा करून देतो!"

कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायची काळी पेटी. हेमांगी तळोद्याला एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. नोकरी लागल्यावर तिने स्वतःच्या पैशाने ही पेटी घेतली, वापरलेलीच. दिवसभर लोकांचं रक्त तपासायचं आणि संध्याकाळी घरी येऊन फुटबॉल खेळायचा, असा तिचा नेम. पण उन्हाळा लागला आणि पेटी नखरे करू लागली. खेळ रंगात आला की तापायची आणि फट्कन बंद!

एरवी कोणी एवढं मनावर घेतलं नसतं. पण रविवारी हेमांगीला बघायला पाहुणे येणार होते. मुलगा भाग्येश, सुरतेला एका कंपनीत हिशेबाचं काम करणारा. वडील रूपचंदभाऊ, खापरला त्यांचं खताचं दुकान. स्थळ चांगलं होतं, आम्हाला मनापासून आवडलं होतं. फक्त हेमांगीने एक अट घातली.

"मी त्याच्याशी एक मॅच खेळणार. मगच हो की नाही ते सांगणार."

माझी बायको संध्या लाटणं तसंच हातात धरून म्हणाली, "पोऱ्या देखाले येस का गेम खेळाले येस वं?"

"मम्मी, चहाचा कप हातात धरून सगळेच गुणी दिसतात. हरल्यावर माणूस कसा वागतो, ते मला बघायचंय."

तिचं चुकत नव्हतं. मागचं स्थळ असंच चहाच्या कपावर पक्कं होत आलं होतं. मग त्या मुलाने शहाद्याच्या हॉटेलात पाणी उशिरा आणलं म्हणून पोऱ्याच्या अंगावर ग्लास रिकामा केला, ते हिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं! तेव्हापासून तिचा चहावरचा विश्वास उडाला. आता पेटी चालली नाही तर मॅच नाही, आणि मॅच नाही तर उत्तर नाही. मुलीचं लग्न माझ्या पेचकसावर येऊन ठेपलं होतं, आणि खरं सांगतो, मला त्याचा आनंदच झाला.

पेटी उघडली. आत कापसाच्या जिनिंगच्या फरशीवर असते तेवढी धूळ! सायकलच्या पंपाने ती उडवली. आतल्या चिपवर उष्णता ओढून घेणारा मलम असतो, तो वाळून खडखडीत झाला होता. शहाद्याच्या मोबाइलवाल्याकडून नवा मलम आणून लावला. पेटी तरी तापतेच! मग मी विचार केला आणि रोगाचं मूळ सापडलं. कंपनीने आतला पंखा बसवला तो थंड मुलखाचा विचार करून. आमच्या तापीकाठच्या उन्हाची त्या बिचाऱ्यांना काय कल्पना! मग काय, वरच्या झाकणाला गरम लोखंडाने मोठं भोक पाडलं आणि सोसायटीतल्या मेलेल्या संगणकाचा पंखा काढून त्यावर बसवला. त्याला वीज हवी म्हणून टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर कापला.

"मन्ही सीरियल काबर दिखी नही ऱ्हायनी?" संध्याने विचारलं.

"पोरना लगीननं काम चालू शे," मी म्हणालो. यावर कोणतीही आई काय बोलणार!

पंखा सुरू केला. पिठाच्या गिरणीसारखा घरघरला, पण पेटी थंड! हेमांगीने आख्खी संध्याकाळ खेळून पाहिलं, एकदाही बंद पडली नाही. मी ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ही बातमी सांगितली.

रविवारी सकाळी हेमांगी म्हणाली, "पप्पा, हा पंखा वरून हवा आत ओढतोय. धूळही ओढेल. जाळीबिळी काहीतरी लावा ना."

सूचना रास्त होती. स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला एक झिरझिरीत लाल फडकं लटकत होतं. विणकर नेमकं माझ्यासाठीच विणून गेला असावा, इतकं बेताचं! काळ्या पेटीवर लाल रंग शोभूनही दिसणार होता. मी ते पंख्यावर घातलं आणि रबराने करकचून बांधलं. त्या दिवशी मला सर्दी झाली होती आणि नाक पूर्ण बंद होतं, हे वाचकांनी कृपा करून लक्षात घ्यावं.

पाहुणे वेळेवर आले. रूपचंदभाऊ, त्यांच्या पत्नी शीलाबाई आणि भाग्येश. चहा झाला, चिवडा झाला. पिकाचं झालं, उन्हाचं झालं. मग हेमांगीने सरळ भाग्येशच्या हातात खेळायचं रिमोट दिलं. शीलाबाई जरा चपापल्या, पण भाग्येश सावरून बसला आणि म्हणाला, "मस्त! सुरतमा रूमवर आम्ही हाईच खेळतस."

मी पेटीच्या मागच्या बाजूला बसलो. कारागिराने कामाजवळ असावं. बटण दाबलं. घर्रर्र!

"हाई काय शे भो? चक्की शे का?" रूपचंदभाऊंनी विचारलं.

"गेमनं मशीन शे. मी सोता सुधारेल शे!"

"वा! भारी डोकं शे तुम्हनं," ते म्हणाले. त्या दिवशीचं माझं सुख तेवढंच.

सामना सुरू झाला. हळूहळू पेटी तापली. आणि आता शास्त्र ऐका. पंखा फडक्यातून हवा ओढत होता. ती हवा चिपवरच्या तापलेल्या धातूच्या पट्ट्यांवरून जाऊन समोरच्या फटीतून थेट सोफ्यावर येत होती. आणि ते फडकं होतं संध्याचं वर्षभराचं तिखट चाळायचं! नंदुरबारच्या बाजारातून पारखून आणलेली मिरची, डंखावर, म्हणजे मिरची कुटायच्या यंत्रावर, कुटलेली, आदल्याच आठवड्यात त्या फडक्यातून चाळलेली. ती आता गरम पट्ट्यांवर भाजून निघू लागली. माझ्या पेटीने पाहुण्यांना फोडणी दिली हो!

पहिली शिंक रूपचंदभाऊंची. मग शीलाबाईंना ठसका लागला. मग भाग्येश, मग हेमांगी, मग पाण्याचा तांब्या घेऊन आलेली संध्या. तांब्या तिथेच आडवा!

"फोडनी जयनी का वं?" शीलाबाई पदरात तोंड खुपसून ओरडल्या.

"चुल्हा तं बंद शे!" संध्या रडत म्हणाली.

"डोया! मन्हा डोया!" रूपचंदभाऊ दोन्ही हात हवेत फिरवत उभे राहिले. एकटा मी पेटीमागे कोरडा ठणठणीत. मला वाटलं, बाहेर कोणी पालापाचोळा पेटवला असावा, म्हणून मी उठून खिडकी लावून घेतली. दारही लोटलं.

शेजारच्या नानीबाई मघापासून कुंपणापाशी कान लावून होत्या, त्यांना राहवेना. त्या दार ढकलून आत आल्या. त्यांना काय दिसलं? मायलेकी घळाघळा रडताहेत. शीलाबाईंना काही दिसत नसल्याने त्या हेमांगीचा खांदा धरून उभ्या आहेत. नवरा मुलगा डोळे पुसतोय. आता आमच्याकडे मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर सगळ्या बायका एकदम कधी रडतात? सोयरीक पक्की झाली की!

"व्हई गयं का पक्कं? आवं माय, हेमी चालनी सासरले!" म्हणत नानीबाईंनी हेमांगीला मिठी मारली. तोवर त्यांनाही ठसका लागला, त्यामुळे बाहेर जाताना त्यासुद्धा रडतच गेल्या. गल्लीला आणखी काय पुरावा हवा! "साखर आना रे! सुपडूआबाले बलावा!"

सुपडूआबा म्हणजे आमच्या भावकीतले थोरले. असल्या प्रसंगासाठी त्यांच्या घरी नारळ आणि टॉवेल-टोपी तयारच असते. मी "अहो, थांबा" म्हणेपर्यंत ते आत आले. रूपचंदभाऊंचे डोळे घट्ट मिटलेले. त्यांनी हात पुढे केला.

"पानी... कोनी तरी पानी द्या!"

पुढे केलेल्या हातात आबांनी नारळ ठेवला, डोक्यावर टोपी घातली आणि कपाळाला कुंकू लावलं. "व्याही, पाव्हनपन बरं व्हयनं!" बाहेर टाळ्या पडल्या. नानीबाईंच्या सुनेने गल्लीत साखर वाटलीसुद्धा!

एवढ्यात संध्या चाचपडत पेटीपर्यंत आली. तिने लाल फडकं ओढलं, नाकाशी नेलं आणि मला म्हणाली, "हाई तं मन्हं तिखट चायानं फडकं शे!" पुढे जे म्हणाली ते लिहिण्यासारखं नाही.

मोरीवर रांग लागली. डोळे धुऊन झाल्यावर रूपचंदभाऊंनी हातातला नारळ पाहिला, आरशात टोपी पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हाई काय चाली ऱ्हायनं? आम्ही आजून पोरसंगे दोन शब्द बी बोलनूत नही!"

"नारय तं हातमा लिधा ना तुम्हीन?" सुपडूआबा म्हणाले. "आते गावसमोर मांघे कसा फिरशात?"

 आता मात्र मला घाम फुटला. पाहुण्यांनी नारळ परत केला, तर उद्या तालुकाभर एकच बोलणं होणार, की कळसाडीच्या पोरीत काहीतरी खोट होती. नाही केला, तर हेमांगीच्या 'हो-नाही'ला काही अर्थच उरत नव्हता. मिरचीच्या ठसक्यावर पोरीचं लग्न लागणार होतं, आणि तो ठसका मी दिला होता! मी तिच्याकडे बघितलं. डोळे लालभडक, पण मान ताठ.

"आबा," ती म्हणाली, "नारळ तुम्ही दिला. मी अजून काहीच दिलेलं नाही. मॅच अर्धी राहिलीय. ती होईल, मग मी बोलेन."

तिने स्वतः पेटी ओट्यावर नेली. पंखा उपटला, आतलं तिखट पुसून काढलं. भाग्येशने न सांगता टीव्ही उचलून आणला. गल्ली समोर मांडी घालून बसली. सुपडूआबांना सगळ्यात पुढे खुर्ची. "आपला कोनता रंगना?" असं ते दर थोड्या वेळाने विचारत होते.

आणि हेमांगीने गोल मारला! मग दुसरा. भाग्येशचा एकही नाही. तिसरा गोल होता होता पेटी तापली आणि फट्! पडदा काळा.

"मशीन बंद पडनं!" रूपचंदभाऊ घाईने म्हणाले. "म्हनजे कोनी बी हारनं नही. बरोबरी!"

"बरोबरी, बरोबरी!" आबांनी हात वर करून निकाल दिला. पाहुण्याची अब्रू राखायची तर हेच बरं, असं सगळ्यांनाच वाटलं.  हेमांगी मात्र भाग्येशकडे बघत होती.

भाग्येश सुजलेल्या डोळ्यांनी हसला. "नही पप्पा, मी कवयनाच हारी जायेल व्हतू. मशीननी मन्ही इज्जत वाचाडी. नही तं आजून दोन खाता मी!" मग हेमांगीला म्हणाला, "दुसरा गोल एक नंबर होता. परत दाखवाल का कधी, कसा मारला ते?"

हेमांगीने रिमोट खाली ठेवलं. मग मला म्हणाली, "पप्पा, नारळ राहू द्या त्यांच्याकडे."

संध्याने डोळ्यांना पदर लावला. मला भरून आलं, लपवण्यासारखं त्यात काही नाही. गल्लीने परत साखर खाल्ली.

सगळे घरात परतले, जेवणाची तयारी सुरू झाली. मी पेटीपाशी खजील होऊन बसलो होतो. तेवढ्यात भाग्येश शेजारी येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "काका, पेचकस शे का? हाई काबर तापस, आपुन उघाडीसन देखूत ने!"

इतक्या वर्षांत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता! आम्ही दोघांनी मिळून पेटी उघडली. त्याने एक वायर काढली, मी एक काढली. त्याने फुंकर मारली, मी पुसलं. मग पुन्हा सगळं बसवलं, झाकण लावलं. खाली पाहतो तर चटईवर मूठभर स्क्रू उरलेले.

"हाई कंपनी जास्तीनाच देस, काका," भाग्येश म्हणाला आणि शांतपणे ते खिशात टाकले.

बटण दाबलं. पेटीचा दिवासुद्धा लागला नाही. मी तिच्यावर हात ठेवून पाहिला.

"थंडगार शे," मी म्हणालो.

"एकदम," जावई म्हणाले. "मंग जमनं ने आपलं काम!"

संध्या केव्हापासून दारात उभी होती कोण जाणे. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग हेमांगीला जवळ ओढून म्हणाली, "पोरी, आजून टाईम शे. इचार करी ले!"

आम्ही दोघांनी ते ऐकलंच नाही असं दाखवलं.