ड्रॅगन किंगने भाव केला नाही

दादाचा जुना गेमिंग कन्सोल विकायची जाहिरात टाकली आणि चहा गार व्हायच्या आत गिऱ्हाईक मिळालं, तेव्हा मैत्री सोफ्यावर चढून नाचली. तिला तेव्हा माहीत नव्हतं की आपण आत्ता घरावर संकट ओढवून घेतलंय.

मैत्री नववीत होती आणि हा तिचा आयुष्यातला पहिला व्यवहार होता. प्रज्ञेशदादा हॉस्टेलला जाताना म्हणाला होता, "विक, पैसे तुला ठेव." बाबांनी मात्र अट घातली होती. व्यवहार नीट झाला तर फोन कायमचा तिचा. घोळ झाला तर दहावी होईपर्यंत फोन आईच्या कपाटात. त्यामुळे मैत्रीने जाहिरात निबंधापेक्षा जास्त मन लावून लिहिली होती. खोका आहे, बिल आहे, सगळ्या वायरी आहेत. एका कंट्रोलरची डावी स्टिक आपोआप थोडी सरकते, तेही तिने सांगून टाकलं होतं. किंमत बारा हजार.

रात्री जेवताना तिने बातमी फोडली. "ड्रॅगन किंग नावाचं कोणीतरी आहे. बारा हजार ठीक आहेत म्हणालाय. रविवारी येणार!"

बाबांचा घास हातातच राहिला. "किती म्हणाला?"

"बारा."

"आणि तू किती सांगितले होतेस?"

"बाराच."

आईने आमटीची वाटी खाली ठेवली. बाबा अगदी हळू आवाजात म्हणाले, "भाव केला नाही?"

"नाही."

"शर्मिला, ऐकलंस? आपल्या चौकात लोक कोथिंबिरीच्या जुडीसाठी भाजीवाल्याशी दहा मिनिटं भांडतात. आणि हा माणूस न बघता बारा हजार काढतोय. हा गिऱ्हाईक नाही. हा कोणीतरी भलताच आहे."

आईला तर फॅमिली ग्रुपवरचे फसवणुकीचे सगळे किस्से पाठ होते. "अगं, आपण एकदम घाबरायला नको," असं म्हणत ती स्वतःच दाराची कडी लावून आली. "परीक्षा घेऊ. त्याला म्हण, स्टिक सरकते म्हणजे जास्तच सरकते. खरा असेल तर कुरकुर करेल."

मैत्रीने लिहिलं. लगेच उत्तर आलं: "चालेल ताई."

"ताई म्हणतोय!" आई किंचाळली. "फसवणारे असेच गोड बोलतात!"

"आता तेरा हजार सांग," बाबा म्हणाले. "ठरलेला भाव बदलला की खरा माणूस भडकतो. भडकला पाहिजे."

मैत्रीने तेरा लिहिलं. तिघंही फोनवर वाकून बसले. ड्रॅगन किंग टाइप करत होता. थांबत होता. पुन्हा टाइप करत होता. शेवटी दोन अक्षरं उमटली: "ओके."

मग आणखी एक ओळ आली: "रविवारी आजोबांना पण आणू का?"

"टोळी आहे," बाबा म्हणाले. "विश्वास बसावा म्हणून टोळीत एक म्हातारा ठेवतात."

"मग नाही सांगू का?"

"आता? घराचा पत्ता दिलायस त्याला! नाही म्हटलं तर चिडून येईल. त्यापेक्षा तयारीत राहू."

पत्ता आपण का दिला, असं मैत्रीला दोन दिवस वाटत राहिलं. जिन्यात कोणाचं पाऊल वाजलं तरी ती दचकायची. एकदा तर कुरिअरवाल्याला तिने दार न उघडता आतूनच "आम्ही घरी नाही" म्हणून सांगितलं.

रविवारी सकाळी तयारी झाली. तळमजल्यावरच्या कांताकाकू गेटजवळ खुर्ची टाकून, मांडीवर मटारचं ताट घेऊन पहाऱ्याला बसल्या. आईने मिक्सर पलंगाखाली ढकलला. "त्यांना घरातल्या महागाच्या वस्तू दिसता कामा नयेत," असं म्हणून बाबांनी भिंतीवरचा मोठा टीव्ही काढला आणि आईच्या मदतीने धापा टाकत खाली कांताकाकूंकडे नेऊन ठेवला.

अकराला बेल वाजली. बाबांनी साखळी न काढता दार इंचभर उघडलं.

बाहेर पांढरी टोपी घातलेले, झुपकेदार मिशांचे एक आजोबा उभे होते. त्यांच्यामागे लपून, दोन वेण्या घातलेली एक सातवीतली मुलगी.

"ड्रॅगन किंग कुठंय?" बाबांनी विचारलं.

मुलीने हात वर केला. "मी. अपेक्षा."

"आन् मी आप्पासाहेब," आजोबा म्हणाले. "मार्केट यार्डात कांदा-बटाट्याची आडत हाय आमची."

दोघं आत येऊन सोफ्याच्या अगदी कडेला बसले. आप्पासाहेबांची नजर घरभर फिरत होती. आईने चहा आणला. आप्पासाहेबांनी कपाकडे बघितलं, मग आईकडे बघितलं आणि कप अलगद लांब सरकवला. अपेक्षाने हात पुढे केला तसा त्यांनी तिच्या हातावर चापट मारली.

"मशीन चालवून दावा," ते म्हणाले.

मैत्रीने कन्सोल पुढे केला आणि तिच्या लक्षात आलं. "ते… टीव्ही नाहीये."

आप्पासाहेबांनी भिंतीकडे बघितलं. टीव्हीचं रिकामं स्टँड. खाली लोंबणाऱ्या वायरी. त्यांच्या मिशा हलल्या. "घरात टीव्ही नाय, आन् खेळाचं मशीन हाय?"

"म्हणजे टीव्ही आहे," बाबा गडबडून म्हणाले, "पण सध्या… दुसरीकडे आहे."

"असं," म्हणत आप्पासाहेब उभे राहिले आणि त्यांनी अपेक्षाचं मनगट पकडलं. तेवढ्यात खालून कांताकाकूंची किंकाळी आली. "अहो मैत्रीचे बाबा! गेटबाहेर टेम्पो आलाय! आत चार दांडगी माणसं बसलीत!"

आई मट्‌कन खाली बसली. बाबांनी हाताला लागेल ते उचललं. ती सोफ्यावरची उशी निघाली. आप्पासाहेब भिंतीला पाठ लावून उभे. कोणी हलेना. पण व्यवहार मैत्रीचा होता. ती कशीबशी म्हणाली, "आजोबा, एक विचारू? तुम्ही चोर आहात का?"

"मी?" आप्पासाहेबांचे डोळे विस्फारले. "पोरी, मला वाटलं तुम्ही!"

"आम्ही?" बाबांच्या हातातली उशी पडली.

"मग काय! मालातली खोट कोण आपल्या तोंडानं सांगतं का? तीस वर्षं धंदा करतोय, एकानं सांगितली नाय. ही पोरगी छापून सांगती! म्हटलं, चोरीचा माल हाय, लवकर खपवायचाय. म्हणून गाळ्यावरचे हमाल संगं आणले."

"पण मग हिने भाव का नाही केला?" आई कळवळून म्हणाली.

अपेक्षा लाजून वेणी चावत होती. "किंमत नेटवर बघितली होती. बरोबर वाटली. मग तेरा झाली, तेव्हा वाटलं दुसरं कोणीतरी घेऊन जाईल."

आप्पासाहेबांनी डोक्याला हात लावला. "आमच्या घराण्यात असं कोण करत नाय हो."

मग सगळं भराभर झालं. चार हमालांनी टीव्ही उचलून वर आणला, भिंतीवर चढवला. कन्सोल सुरू झाला. अपेक्षाने असा खेळ दाखवला की मैत्रीच टाळ्या वाजवायला लागली. चहा परत गरम झाला आणि आप्पासाहेबांनी दोन कप घेतले. मग त्यांनी मिशी पुसली आणि म्हणाले, "तेरा हजार? त्यात काय सोनं भरलंय? सहा देतो."

बाबांचा चेहरा असा उजळला की तसा तो मैत्रीने स्वतःच्या वाढदिवसालाही बघितला नव्हता. "सहा? अहो आप्पासाहेब, खोक्याचेच सहा होतील!"

"ताई, बारा ठीक आहेत ना?" अपेक्षा कुजबुजली.

"ठीकच आहेत," मैत्री कुजबुजली. पण त्या दोघींना आता कोणी विचारत नव्हतं. बाबा आणि आप्पासाहेब मांडीला मांडी लावून, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत भांडत होते. शेवटी नऊ हजारांवर हात मिळाले. आप्पासाहेबांनी नोटा मोजल्या आणि त्यातल्या दोन पाचशेच्या काढून परत खिशात घातल्या.

"या कशाच्या?" मैत्रीने विचारलं.

"हमाली," आप्पासाहेब म्हणाले. "टीव्ही वर कोणी आणला?"

ते गेल्यावर बाबा सोफ्यावर रेलले. "याला म्हणतात व्यवहार! बघ, भाव केला की माणूस खरा निघतो. फोन तुझा."

"बाबा, बाराचे आठ झाले!"

"पण धोका टळला ना?"

संध्याकाळी मैत्रीच्या फोनवर पहिलावहिला अभिप्राय झळकला. विकणाऱ्यासाठी तो म्हणजे प्रगतिपुस्तकच. पुढे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक तो आधी वाचणार. तिने श्वास रोखून मोठ्याने वाचला: "वस्तू सांगितली तशीच. ताई खूप प्रामाणिक. पण यांच्या घरी जाताना सोबत चार माणसं न्या."

"हे सगळ्यांना दिसणार!" मैत्री रडवेली झाली. "आता आपल्याकडे यायला लोक घाबरतील!"

बाबांनी चष्मा लावून ती ओळ स्वतः दोनदा वाचली आणि समाधानाने फोन तिच्या हातात परत दिला.

"राहू दे तसंच," ते म्हणाले. "काढू नकोस."