आधारनानांचं कोरडं वंगण

न्हाणीघराची आतली कडी सरकेना, तेव्हा आधारनानांनी सवयीने स्वतःलाच दोष दिला. या वेळी तो खरोखर त्यांचाच होता.

पदार्थविज्ञानाचे हे निवृत्त प्राध्यापक उभं आयुष्य एकाच प्रश्नापाशी बसून राहिले होते: अणुभट्टीच्या किरणोत्सर्गात कोरडं वंगण किती टिकतं? धुळ्यात त्यांना हे कधी कुणी विचारलं नव्हतं. आज पहिल्यांदाच जळगावच्या एका कॉलेजाने भाषणाला बोलावलं होतं. आणि नाना इथे अडकले होते. तेलाला धूळ चिकटते म्हणून घरातल्या साऱ्या कड्यांना त्यांनी आपली लाडकी काळी भुकटी चोळली होती. किरणांचा विचार जन्मभर केला. आंघोळीच्या वाफेचा राहून गेला. ओल धरून कडी घट्ट बसली.

"अहो, बस जाईल!" लिलाबाई बाहेरून ओरडल्या.

"जाणारच. योगराजला हाक मार."

शेजारचा योगराज हातोडा घेऊन आला. "नानी, बाहेरनी कडीले हाई काळं काय शे?"

"यांची भुकटी. तिच्यावर अणूची किरणं पडली की काय होतं, त्याचंच भाषण आहे ना."

हातोडा पडल्याचा आवाज आला. पाठोपाठ योगराजची आरोळी, "बठ्ठा मांगे सरका रे!" आणि अंगणातून लांब पळणारी पावलं.

नाना पालथ्या बादलीवर मटकन बसले. "अरे, या भुकटीने अणुभट्टी पाहिलेलीसुद्धा नाही!"

"मंग भाषण कशाचं?" योगराजने फाटकाबाहेरून विचारलं.

सांगणं भाग होतं. "भुकटी किरणांना फारशी दाद देत नाही. पण तिला धातूवर धरून ठेवणारी राळ ठिसूळ होते. मग थर सुटतो..." आवाज घुमत होता. समोर एकही चेहरा नव्हता. वर्गात जन्मभर चाचरलेले नाना एकदाही अडखळले नाहीत.

"म्हंजे भुकटीना काही दोष नही!" योगराजला पटलं. त्याने येऊन कडी तोडली.

अंगणात सगळी गल्ली उभी होती. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. नाना कुणाकडेही न बघता पिशवी शोधू लागले.

बस गेलीच होती. तेवढ्यात कॉलेजच्या प्राचीमॅडमचा फोन आला. "सर, मुलं थांबलीत. व्हिडिओवरच बोला ना."

पडद्यावर रांगाच्या रांगा चेहरे. नानांना एवढ्या वर्षांच्या अभ्यासातला एकही शब्द आठवेना.

"एक मिनिट हं, मॅडम." फोन छातीशी पालथा धरून ते लगबगीने न्हाणीघरात शिरले.

"अहो, आत्ताच तर काढलं तुम्हाला!"

"योगराज," नाना आतून काकुळतीने म्हणाले, "दार बाहेरून घट्ट ओढून धर. भाषण संपेपर्यंत सोडू नकोस."