जांभळ्या कार्डांची रांग

शाळा सुटल्यावर पोरांना गाड्यांत बसवून घरी धाडायला अक्कल लागत नाही, शिस्त लागते! हे वाक्य माझं. पालक समितीच्या बैठकीत मी ते उभं राहून म्हटलं होतं. शेजारच्या बाई टाळी वाजवणारच होत्या, पण त्यांच्या हातात डोनट होता.

आमच्या ओहायोतल्या या उपनगरात शाळेची पिवळी बस पोराच्या गल्लीच्या तोंडाशी येते. तीही फुकट! म्हणूनच तिच्यात कुणी बसत नाही. पोर बसनं आलं म्हणजे आईबापांची माया कमी पडली, असा इथं समज. त्यामुळे रोज दुपारी तीनला दीडशे पोरांसाठी एकशे चाळीस गाड्या शाळेपुढे रांग लावतात. एकेका गाडीत अख्खं बिऱ्हाड मावेल, पण न्यायचं असतं एक पोर आणि त्याची पाण्याची बाटली.

रांगेचं शेपूट वरचेवर हमरस्त्यावर जायचं. शेवटी मुख्याध्यापक ऑर्टमन यांनी दम भरला, "आणखी एकदा गोंधळ झाला, तर गाड्यांचं फाटक बंद! सगळी पोरं बसनं!"

पालकांच्या तोंडचं पाणी पळालं. समितीच्या अध्यक्षा मिसेस वॉन्ड्रा कळवळून म्हणाल्या, "कुणीतरी रांगेची जबाबदारी घ्या हो!" मी हात वर केला. आठ वर्षं या गावात राहतोय, पण माझ्याकडे कुणी कधी वाटीभर मीठही मागितलं नव्हतं. म्हटलं, आता बघाच!

"बाबा, तू?" माझी चौथीतली पायपर म्हणाली. "गेल्या वर्षी भोपळ्यांच्या जत्रेत तू ट्रॅक्टर तळ्यात घातलास!"

"तळं नव्हतं ते, डबकं होतं."

"त्यात बदकं होती, बाबा."

मी दुर्लक्ष केलं आणि सगळ्या पालकांना ईमेल धाडला. गुरुवारपासून प्रत्येक गाडीच्या काचेवर जांभळं कार्ड. जांभळा हा आमच्या शाळेचा रंग. गाडीचे दिवे चालू. आणि पुढच्या गाडीची पाठ कुणीही, कुठल्याही कारणानं सोडायची नाही!

आता एक कबुली. आमच्याकडे अंत्ययात्रा निघते तीही गाड्यांचीच. शववाहिकेमागच्या प्रत्येक गाडीच्या काचेवर जांभळं कार्ड असतं, दिवे चालू असतात आणि पुढच्या गाडीची पाठ सोडायची नसते. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. माझ्या सख्ख्या काकांच्या वेळी मी स्वतः तशा गाडीत बसलो होतो! पण शहाणपण सुचायची एक वेळ असते, आणि माझी ती हमखास चुकते.

गुरुवारी तीनच्या ठोक्याला मी केशरी जॅकेट चढवून हमरस्त्याच्या कडेला उभा राहिलो. एक लांबलचक काळी गाडी सरळ निघून गेली. तेव्हा मी पोरांच्या यादीत डोकं खुपसलं होतं. मान वर केली आणि ऊर भरून आला. जांभळी कार्डं! चालू दिवे! एकामागोमाग एक गाड्या! पहिल्याच दिवशी एवढी शिस्त?

मी हातातला 'थांबा'चा फलक फिरवला आणि सगळ्यांना शाळेच्या फाटकात वळवलं. एका म्हाताऱ्या गृहस्थानं काच खाली केली.

"इकडून आहे होय रस्ता?"

"इकडूनच! कुणासाठी आलात?"

"स्टॅनसाठी," तो हळू आवाजात म्हणाला.

"मग काळजीच नको! दोन मिनिटांत बाहेर येईल पळत!"

म्हातारा पांढराफटक पडला. शेजारची बाई छातीवर क्रूस काढू लागली. मला वाटलं, नातवाचं फार कौतुक दिसतंय.

वीस गाड्या आत गेल्या, त्यांच्यामागे आमचे नेहमीचे पालक. शाळेच्या दारातल्या बाई प्रत्येक गाडीला पोराचा नंबर विचारत होत्या. काळ्या कपड्यांतली माणसं नुसती माना हलवून पुढे सरकत होती. तेवढ्यात हरवलेली यात्रा शोधत एक मोटरसायकलवाला पोलीस मागच्या फाटकाशी पोचला. त्यानं सगळी वाहतूक अडवली आणि जांभळं कार्ड दिसेल त्या गाडीला दफनभूमीच्या दिशेनं पिटाळलं. पोरं घेऊन निघालेल्या आमच्या पालकांना वाटलं, हाही माझ्याच योजनेचा भाग. आणि पुढच्या गाडीची पाठ सोडायची नव्हती!

दहा मिनिटांनी फोन वाजला. मिसेस वॉन्ड्रा कुजबुजत होत्या, "गस, मी दफनभूमीत का आहे?"

पायपरला घेऊन मी तिकडे धावलो. कबरींच्या मधल्या रस्त्यावर आमच्या चाळीस गाड्या शिस्तीत उभ्या होत्या. पोरं खिडक्यांतून बिस्किटं खात बघत होती. आणि शवपेटीशेजारी, टोपी हातात घेऊन, मुख्याध्यापक ऑर्टमन! कारण हा स्टॅन म्हणजे स्टॅन लुबिच. आमच्या शाळेची बस त्यानं अडतीस वर्षं चालवली होती.

त्याची बायको डोळे पुसत माझ्याकडे आली. "शाळेनं सगळी पोरं पाठवली? माझ्या स्टॅनसाठी?"

खोटं बोलायला मी तोंड उघडलं होतं. पण बाई गाड्यांकडे पाहत थबकली. बोटानं मोजू लागली.

"एका गाडीत एकच पोर?" ती म्हणाली. "म्हणजे त्याची बस रिकामी जायची ती यामुळे? अहो, तो रोज घरी येऊन म्हणायचा, माझ्या गाडी चालवण्यातच काहीतरी खोट असणार."

मला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. तिथं एक खड्डा तयार होता, पण तो दुसऱ्याचा होता. ऑर्टमन यांनी घसा साफ केला. "मिसेस लुबिच, सोमवारपासून फाटक बंद. सगळी पोरं बसनं जातील. माझा शब्द!"

बाईंनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. "अडतीस वर्षं त्याला जमलं नाही, ते तुम्ही एका दुपारात केलंत!"

चाळीस पालकांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. गावानं अखेर माझी दखल घेतली होती.

सोमवारी बस आली. खच्चून भरलेली, आत नुसता कल्ला! स्टॉपवर पालकांनी माझ्याभोवती ऐसपैस मोकळी जागा सोडली होती. मी बसच्या खिडकीतल्या पायपरला हात केला. तिनं पडदाच ओढला असता, पण शाळेच्या बसला पडदे नसतात.