बाबांच्या फोनमधले खण

बाबांचा फोन अपडेट करायचा, हा निर्णय मी चहाच्या दुसऱ्या घोटाला घेतला. पहिल्या घोटाला मला जग बदलायचं होतं. पण जग फार मोठं आहे आणि बाबांचा फोन हाताशी होता.

(मी नुकतीच परदेशातून शिकून परत आलेय. तिथे सगळे म्हणाले, इथेच राहा. मी म्हटलं, नाही, माझी गरज माझ्या माणसांना आहे. माझ्या माणसांना हे अजून कोणी कळवलेलं नाही.)

फोनवर नव्या आवृत्तीची सूचना कित्येक महिने येत होती आणि कित्येक महिने बाबा शांतपणे 'नंतर' दाबत होते.

"बाबा, हे 'नंतर' म्हणजेच आपल्या समाजाचा मूळ रोग आहे," मी म्हटलं.

"मग समाजाला सोडून सकाळी सकाळी मलाच का औषध?"

"सुरुवात घरापासून करायची असते."

आई पावाला लोणी लावत होती. "अहो, देऊन टाका तो फोन तिला," ती म्हणाली. "नाहीतर ती माझं कपाट आवरायला घेईल."

बाबांनी फोन दिला. एखादा माणूस आपली किडनी देईल तसा, पण दिला.

फोन काळा पडला, थोडा थरथरला, त्यावर एक रेघ सावकाश सरकत राहिली आणि शेवटी एक संदेश झळकला : 'अनावश्यक सोयी काढून आम्ही तुमचा फोन अधिक सुटसुटीत केला आहे.' मला भरून आलं. हेच तर मी शिकून आले होते!

बाबांनी फोन हातात घेतला आणि चष्मा कपाळावर चढवला. (आमच्या घराखालीच त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. जवळचं नीट बघायचं असलं की ते चष्मा काढतात, आणि गिऱ्हाइकांना नेमकं उलट सांगतात.)

"माझे खण कुठे गेले?" ते म्हणाले.

खण म्हणजे फोल्डर. नव्या आवृत्तीत फोल्डरची सोयच काढून टाकली होती, आणि बाबांची सगळी अ‍ॅप्स चादर झटकल्यावर पडणाऱ्या चुऱ्यासारखी पडद्यावर विखुरली होती.

आता बाबांच्या खणांची पद्धत सांगायला हवी. दुकानात ते फ्रेमा आकाराप्रमाणे लावत नाहीत, किमतीप्रमाणेही नाही. ज्या विक्रेत्याने फ्रेम आणून दिली, त्याच्या नावाच्या खणात ती जाते. कंपनी कुठे दूर असते, ती सापडत नाही. आणणारा सापडतो. फ्रेम मोडली की त्याचा कान धरायचा. फोनमध्येही तेच. अ‍ॅप ज्याने टाकून दिलं, त्याच्या नावाचा खण : 'बायको', 'बँकवाला', 'मुलगी', 'ताई'. काही बिघडलं की थेट त्या माणसाला फोन.

"ही काही पद्धत झाली का, बाबा? अ‍ॅप्स लावायची ती माणसाच्या गरजांप्रमाणे. आरोग्य, ज्ञान, व्यवहार आणि नाती. चार गरजा, चार पानं. बाकी सगळं ओझं."

"ओझं वाटत नव्हतं गं. खिशात मावत होतं."

मी खुर्ची पुढे ओढली आणि एकेका अ‍ॅपची उलटतपासणी सुरू केली.

"हे 'पाणी प्या' वापरता ना? मीच टाकलं होतं."

"रोज. ते वाजलं की मी गिऱ्हाइकाला पाणी देतो."

"तुम्ही प्यायचं असतं, बाबा!"

"पण मला कुठे तहान लागलेली असते?"

ते मी आरोग्यात टाकलं. विजेरी व्यवहारात गेली. मग आलं बुद्धिबळ.

"हे काय?"

"खेळ आहे."

"कोणाशी खेळता?"

बाबा खिडकीबाहेर बघायला लागले. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची भिंत आहे. "कुणाशी नाही," ते म्हणाले.

"कुणाशीच नाही? मग फोनमध्ये कशाला?"

"असू दे की."

"असू दे, असू दे करतच माणूस ओझ्याखाली दबतो." आणि मी ते काढून टाकलं. बाबा पुन्हा त्या भिंतीकडे बघायला लागले. आईने मात्र लोण्याची सुरी खाली ठेवली आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं, कौतुक आहे.

ते कौतुक नव्हतं, हे दुपारी कळलं.

दुपारी मी दुकानात बसले होते. पोस्टमन डोळे तपासायला आला होता. बाबांनी त्याला खुर्चीत बसवलं, भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याचा दिवा लावला, त्याच्या डोळ्यांवर भिंगं चढवली, आणि मग स्वतःच तक्त्याकडे बघत उभे राहिले. पोस्टमन वाट पाहून थकला.

"वाचू का?"

"हं," बाबा म्हणाले. "तुमची चाल."

पोस्टमन बिचारा भिंगांसकट उठला आणि शेजारच्या खुर्चीत जाऊन बसला.

मी धावत वर गेले. "आई, बाबांना काय झालंय?"

"तू त्यांची ताई काढून टाकलीस."

"मी फक्त बुद्धिबळ काढलं!"

"तेच ते." आई समोर बसली. "आजीचं शिलाई मशीन त्यांनी न विचारता भंगारात दिलं, तेव्हापासून आत्या यांच्याशी बोलत नाही, हे ठाऊक आहे ना तुला? पण बोलणं बंद झालं तेव्हा फोनवरचा डाव अर्धा होता. अर्धा डाव सोडायचा कसा, म्हणून पुरा केला. मग दुसरा मांडला. मग तिसरा. रोज सकाळी यांची एक चाल, संध्याकाळी तिची एक चाल. त्यावरून तिला कळतं भाऊ बरा आहे, आणि यांना कळतं ताई बरी आहे. आज सकाळची चाल गेली नाही. तिला काय वाटेल?"

"मग मी विचारलं तेव्हा बाबा बोलले का नाहीत?"

"दोघंही बोलत नाहीत म्हणून तर खेळतात ना, बाई!"

मी विरघळले. नाती नावाचं पान मीच तयार केलं होतं आणि त्यावर अजून एकही अ‍ॅप नव्हतं. संध्याकाळच्या आत ही चाल गेलीच पाहिजे, नाहीतर आत्याला वाटेल, भावाने तेवढाही धागा तोडला.

मी दुकानात येऊन बाबांचा फोन गुपचूप उचलला, मागच्या खोलीत काचा घासायच्या यंत्राशेजारी बसले आणि बुद्धिबळ परत उतरवून घेतलं. त्याने पासवर्ड मागितला. मी बाबांची जन्मतारीख दिली. चूक. आईची दिली. चूक. स्वतःची दिली. (आशा वाईट असते.) चूक. मग त्याने सांगितलं, खातं उघडताना दिलेल्या नंबरवर कोड पाठवतो. मी फोनकडे बघत बसले. कोड आला नाही. पुन्हा मागवला. नाही आला. मी चिकाटीने मागवतच राहिले.

कोड येणार कुठून? खातं आत्याने उघडून दिलं होतं आणि नंबर तिने स्वतःचा दिला होता. तिकडे आत्याच्या फोनवर कोडांचा पाऊस पडत होता.

तेवढ्यात माझ्या हातातला फोन वाजला. पडद्यावर नाव : ताई.

मी बाहेर पळाले आणि तो काउंटरवर ठेवला. बाबा वाजणाऱ्या फोनकडे नुसते बघत राहिले. शेवटी मीच उचलून स्पीकरवर टाकला.

"मी बोलतेय," आत्याचा आवाज आला. ती मुख्याध्यापिका होती. निवृत्त झाली, पण आवाज झाला नाही.

"हं," बाबा म्हणाले.

"कोणीतरी चोर तुझ्या नावाने आत घुसायला बघतोय. माझ्याकडे कोडच कोड येतायत. सावध राहा, एवढंच सांगायला फोन केला. बाकी काही नाही."

"चोर नाही, ताई. आपली लेक आहे."

"ती आली परत?"

"आली की."

"मला कोणी सांगितलं नाही!"

"आपण बोलत नाही ना."

"हो. ते आहेच."

पोस्टमन अजून त्याच खुर्चीत होता आणि मोठी भिंगं लावून सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होता.

"मग सकाळी चाल का नाही आली?" आत्याचा आवाज जरा खाली आला. "मला वाटलं, सोडलंस."

"पोरीने काढून टाकलं. कोणाशी खेळता, विचारत होती."

"मग सांगायचं की!"

"काय सांगायचं?"

"बहिणीशी म्हणायचं! त्यात लाजायचं काय एवढं?"

बाबांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले. चष्मेवाल्याचा चष्मा आधीच स्वच्छ असतो, तरी ते बराच वेळ पुसत होते.

"मला तर वाटलं," आत्या म्हणाली, "वजीर जातोय बघून पळालास."

"कोणाचा वजीर? तुझाच घोडा अडकलाय कोपऱ्यात!"

"अडकलेला नाही, दबा धरून बसलाय!"

"महिनाभर?"

"तुझ्यासारखी घाई नाही मला, दिसलं की भंगारात द्यायची!"

मी मध्ये पडले. "आत्या, तेवढा कोड सांगतेस का?"

"कोड गेला खड्ड्यात. मी येतेय. पट घेऊन येते, लाकडाचा. तो तुला अपडेट करता येणार नाही."

ती खरंच आली. काखेत पट, हातात सोंगट्यांची पिशवी. मला जवळ घेतलं, पाठीवर एक धपाटा घातला, आणि काउंटरवरच्या फ्रेमा बाजूला सारून अर्धा डाव जसाच्या तसा मांडला. दोघांनाही तो तोंडपाठ होता.

"मशीनचं मी विसरलेले नाही," ती म्हणाली.

"बरं."

"खेळ आता."

मला राहवलं नाही. "बघा, शेवटी माणसामाणसांतला थेट संवाद हाच..."

"श्श!" दोघं एकदम म्हणाले. पोस्टमनही म्हणाला.

आता आत्या बरेचदा येते, बोलते, भांडते, जिंकते. फोन मात्र बाबा माझ्यापासून दूर ठेवतात. मी हा विषय शांतपणे त्यांच्यासमोर मांडला : एवढं शिकून आलेय, काहीतरी जबाबदारी द्या. बाबांना ते पटलं असावं. परवा एका नव्या गिऱ्हाइकाशी त्यांनी माझी ओळख करून दिली.

"ही आमची मुलगी," ते अभिमानाने म्हणाले. "परदेशात शिकून आलीये. फोन चार्जिंगला फार छान लावते."