मनगटावरची डबी

नत्थूजींचा उजवा हात कापायला लागला, तेव्हा आधी विणकामाचा माग सुटला, मग स्वतःच्या हातानं दाढी करणं सुटलं आणि शेवटी चारचौघांत चहा पिणंही. बायको अनुसयाबाई त्यांना बशीनं चहा पाजत. नागपूरच्या धंतोलीतल्या तरुण डॉक्टरांनी कंपवात सांगितला आणि परदेशातून आणलेली एक डबी पट्ट्यानं त्यांच्या मनगटावर बांधली.

"उद्यापर्यंत काढायची नाही," ते म्हणाले. पुढंही बरंच काही म्हणाले. नत्थूजींना एवढंच समजलं की इलाज सुरू झाला.

नंदनवन वस्तीतल्या घरी येऊन त्यांनी कप उचलला. थेंबही सांडला नाही.

"अनुसये, हे पाय वं! हात थांबला!"

अनुसयाबाई डोळे पुसतच शेजारी सांगून आल्या. संध्याकाळी ओसरी भरली. शेजारच्या पार्वतीबाईंचं कोपर महिनोन्महिने ठणकत होतं.

"भाऊजी, मले घडीभर बांधा न."

नत्थूजींना नाही म्हणवेना. पार्वतीबाईंना आराम पडला. मग समोरच्या रुपरावांनी ती गुडघ्याला बांधली. तेवढ्यात त्यांच्या बकरीनं दावं तोडलं आणि रुपराव डबीसकट तिच्यामागं गल्लीभर धावले.

"गुडघा दुखलाच नाही गा!" ते धापा टाकत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर डबी यंत्राला जोडून काढलेला कागद पाहतच राहिले. "काका, काल तुम्ही धावलात?"

"मी नाही जी. रुपराव धावला."

सगळं ऐकून डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, ही फक्त मोजते! हात किती हलतो, ते टिपून ठेवते."

"अन् इलाज?"

"इलाज काहीच करत नाही."

त्यांनी डबी पुन्हा बांधली. अनुसयाबाई हळूच म्हणाल्या, "हे सांगाले नाही पाहिजे होतं, डॉक्टरसाहेब."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच हात कापायला लागला. घरी नत्थूजींनी पट्टा एक भोक आवळला, मग आणखी एक. बोटं काळीनिळी पडली, कंप तसाच.

ओसरीवर त्या दिवशी कोणी आलं नाही.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी कागद टेबलावर पसरला आणि त्यांचा चेहरा खुलला. "वा! आता कसं अगदी बरोबर आलं!"

नत्थूजींनी हात मांडीखाली दाबून धरला.

"चला," ते म्हणाले, "तुमची मशीन तर बरी झाली."